जुन्नर-आंबेगावात अन्ननलिकेचा कर्करोग किती?

कर्करोग नोंदणीच्या अर्जात पत्त्याचा एक रकाना असतो. त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न असतो : या पत्त्यावर तुम्ही किती दिवसांपासून राहता? अन्ननलिकेतल्या गाठीची तपासणी करायला ओतूरहून पुण्याला आलेला माणूस या रकान्यात पुष्कळदा भोसरीत राहणाऱ्या मुलाचा पत्ता सांगतो. त्यात गैर काही नाही. फोन मुलाला येणार, रिपोर्ट मुलगाच आणणार, तेव्हा तोच पत्ता सोयीचा. पण त्या एका ओळीमुळे जुन्नर तालुक्यातला रुग्ण कागदावर पिंपरी-चिंचवडचा होऊन बसतो. आणि त्यानं खरा पत्ता, म्हणजे ओतूर सांगितलं, तर पुण्याची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही त्याला आपल्या दरात धरत नाही, कारण ती नोंदवही पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या नागरी पट्ट्यासाठी आहे. एकदा तो चुकीच्या गावात मोजला जातो, एकदा कुठल्याच गावात नाही.

‘आपल्याकडं कॅन्सर फार वाढलाय’ हे वाक्य जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत लग्नाच्या मांडवातही ऐकू येतं आणि दहाव्याच्या घाटावरही. द्राक्षं, टोमॅटो, कांदा असा बागायती पट्टा असल्यामुळं बोट लगेच फवारणीकडं जातं. लोकांची भीती खरी आहे आणि तिला उत्तर मिळायला हवं. ते द्यायचं तर आधी मोजणी हवी, आणि मोजणी म्हणजे नेमकं काय, हे समजायला हवं. त्यासाठी इथं अन्ननलिकेचा कर्करोग घेतला आहे. या एकाच रोगाचा दर जगात कुठं वर चढला, कुठं खाली आला, याची दोन्ही प्रकारची उदाहरणं आहेत, आणि त्यांतलं एक तर आपल्या मुंबईचंच आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 साली भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे सुमारे 70 हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे 66 हजार माणसं त्यानं दगावली. स्तन, तोंड, गर्भाशयमुख आणि फुफ्फुस यांच्या खालोखाल आपल्या देशात या रोगाचा नंबर लागतो. एकशे चाळीस कोटींत 70 हजार म्हणजे लाखाला 5. आता 2011च्या जनगणनेत जुन्नर तालुक्याची लोकसंख्या 4 लाखांच्या आसपास होती आणि आंबेगावची 2 लाख 36 हजारांच्या आसपास. दोन्ही मिळून सव्वासहा लाखांच्या वर. देशाची सरासरी इथं जशीच्या तशी लावली, तर दोन्ही तालुक्यांत मिळून वर्षाला तीस-बत्तीस नवे रुग्ण निघायला हवेत. हा मोजलेला आकडा नव्हे, साधं त्रैराशिक आहे. पण पुढचा विचार करायला ते पुरतं.

तीस-बत्तीस अपेक्षित आहेत म्हणजे दरवर्षी तेवढेच निघतील असं नाही. काहीही बदललेलं नसताना, केवळ योगायोगानं, एखाद्या वर्षी बावीस निघतील आणि पुढच्या वर्षी चाळीस. ते पाहून कुणी म्हणेल, एका वर्षात दुप्पट झाला. आकडेशास्त्र त्याला वाढ म्हणत नाही. त्यासाठी चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र करून पाहावे लागतात. गावाच्या पातळीवर हा योगायोग आणखी घात करतो. तीन हजार वस्तीच्या गावात वरच्या हिशेबानं सात वर्षांत एक रुग्ण निघेल. अशा गावात एकाच वर्षी दोघं जण गेले की गाव हादरतं. विहिरीचं पाणी, मोबाइलचा टॉवर, शेजारच्या बागेतलं औषध, एकेकावर संशय जातो. पण दोन तालुक्यांची लोकसंख्या तीन-तीन हजारांच्या गावांत वाटली तर दोनशेच्या वर गावं होतात, आणि शक्यतेचं गणित सांगतं, की त्यांतल्या दोनेक गावांत दरवर्षी असं घडणारच, कुठलंही खास कारण नसताना. कुठल्या दोन गावांत घडेल, हे मात्र कुणालाच आधी सांगता येत नाही. म्हणून ज्या गावावर ही वेळ येते, त्या गावाला ती आपलीच शिक्षा वाटते.

दुसरा घोळ वयाचा. हा रोग मुख्यतः पन्नाशीनंतरचा. आणि आपल्या गावांत मागं कोण राहतं? मुंबईच्या डबेवाल्यांत खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर इथलीच माणसं मोठ्या संख्येनं. मुंबईच्या बाजारांत, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत याच तालुक्यांची तरुण पोरं. नोकरी संपली की ती गावी परत येतात. तरुण बाहेर आणि म्हातारी माणसं घरी, अशा गावाचा साधा दर काढला तर तो शहरापेक्षा जास्त दिसणार, रोगाचा जोर तेवढाच असला तरी. यावर उपाय म्हणून वय-समायोजित दर काढतात. प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढायचा आणि तो सगळीकडं एकाच ठरावीक, काल्पनिक लोकसंख्येला लावायचा. जपानच्या सेगी यांनी 1960 साली सुचवलेली जागतिक प्रमाण लोकसंख्या थोडा फेरफार करून अजूनही त्यासाठी वापरतात. हे केलं की म्हाताऱ्या गावाची आणि तरुण शहराची, किंवा 1964च्या मुंबईची आणि आजच्या मुंबईची तुलना न्यायाची होते. मेघालयातल्या पूर्व खासी हिल्स जिल्ह्यात 2012 ते 2016 या काळात पुरुषांमधला असा समायोजित दर लाखाला 75च्या घरात होता. मुंबई-पुण्याचे दर साधारण त्याच काळात एक आकडी होते. एकाच देशात एवढी तफावत आहे, आणि तिच्यामागं तिथल्या कच्च्या सुपारीचा आणि तंबाखूचा मोठा हात मानला जातो.

मुंबईत ही मोजणी सुरू झाली 1963 साली. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकारानं इंडियन कॅन्सर सोसायटीनं बॉम्बे कॅन्सर रजिस्ट्री उभी केली. देशातली ही पहिली लोकसंख्याधारित नोंदवही. तिची माणसं रुग्णालयांत जातात, वॉर्डातले केसपेपर, पॅथॉलॉजीचे अहवाल आणि महापालिकेची मृत्यूनोंद ताडून पाहतात, आणि एकच रुग्ण तीन रुग्णालयांत गेला असेल तर त्याची एकच नोंद ठेवतात. हे काम कंटाळवाणं आहे. वर्षानुवर्षं न चुकता केलं तरच त्याला किंमत येते. त्या कामामुळं आज आपल्याला ठाऊक आहे, की मुंबईत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा समायोजित दर गेल्या काही दशकांत सातत्यानं खाली आला. त्याच मुंबईत त्याच काळात स्तनाच्या कर्करोगाचा दर वर गेला. ‘कॅन्सर वाढला’ या दोन शब्दांत हे दोन्ही मावत नाही. शिवाय दर घटला म्हणून वॉर्डातल्या खाटा रिकाम्या झाल्या नाहीत. शहर वाढलं, माणसं जास्त जगू लागली, त्यामुळं डॉक्टरांसमोरची रांग लांबच राहिली. रांग पाहणाऱ्याला वाढ दिसते आणि दर पाहणाऱ्याला घट. दोघंही खरं बोलत असतात.

मुंबईचं झालं, पण खेड्याचं काय? त्याचं उत्तर सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीनं दिलं. 1987 साली बार्शी, भूम आणि परांडा या तालुक्यांतल्या 346 गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. इथं रुग्णालयात बसून वाट पाहण्यात अर्थ नव्हता, कारण कर्करोगाची लक्षणं असलेली कितीतरी माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून नोंदवहीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. सरपंच, शिक्षक, दाई, गावातला डॉक्टर यांना भेटायचं, लक्षणं समजावून सांगायची, कुणाला गाठ आहे का, कुणाला गिळायला त्रास होतो का, हे विचारायचं आणि अशा माणसाला तपासणीपर्यंत न्यायचं. बार्शीत कर्करोगाचे एकूण दर मुंबईच्या निम्म्याच्या आसपास निघाले. पण माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट दुसरीच होती. मोजणीसाठी गावात जाणं हेच उपचाराचं दार ठरलं. या संवादामुळं तिथल्या बायकांमधला गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. मोजणी हा सरकारी कागदांचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी बार्शीकडं पाहावं.

पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत असं काही कधी झालंच नाही, असंही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी इथल्या खेड्यांत 1,01,761 माणसांची तोंडं तपासली. तो अभ्यास 1972 साली प्रसिद्ध झाला. तोंडातले पांढरे चट्टे आणि तोंडाचा कर्करोग यांचा तंबाखूशी असलेला संबंध त्यातून पुढं आला. पण तोंडात बॅटरी मारली की दिसतं. अन्ननलिका दिसत नाही.

ती घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे पंचवीस सेंटिमीटरची स्नायूंची नळी आहे. घास आला की ती ताणून रुंद होते आणि पुन्हा मिटते. या ताणण्याच्या गुणामुळंच रोग लपतो. आतून गाठ वाढत असते, तरी उरलेली भिंत ताणून घासाला वाट देत राहते. अडथळा जाणवतो तोपर्यंत मार्ग बराच अरुंद झालेला असतो. आपल्या भागात त्यात भाकरीची भर पडते. बाजरीची कोरडी भाकरी छातीत अडकायला लागली, की माणूस दवाखान्यात जात नाही, भाकरी कालवणात कुस्करतो. तेही जड झालं की भातावर येतो, मग दूधभातावर, मग पेजेवर. घरातली बाई न सांगता कालवण पातळ करते, भाकरी सोडून भाताचं पातेलं मोठं करते. ‘वय झालं, आता सोसत नाही’ असं म्हणत यात तीन-चार महिने सहज जातात. वजन उतरतं, आवाज घोगरा होतो, आणि पाणीसुद्धा उतरेना झालं की मग दुर्बिणीची तपासणी होते. अन्ननलिकेला जठराला असतं तसं बाहेरचं आवरण नाही. तिच्या भिंतीतच लसिकावाहिन्यांचं दाट जाळं आहे. त्यामुळं तोवर रोग नळीबाहेर गेलेला असतो. सत्तर हजार नव्या रुग्णांमागं सहासष्ट हजार मृत्यू, या आकड्यामागं हे सगळं आहे. म्हणूनच या रोगात नवे रुग्ण आणि मृत्यू यांचे आकडे जवळजवळ सारखे चालतात, आणि मृत्यूची नोंद चोख असली तर तिच्यावरूनही रोगाचा बराच अंदाज येतो.

हा रोग होतो कशानं? अन्ननलिकेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन, आणि दोघांची कारणं वेगळी. आपल्याकडं आणि जगातही जास्त आढळणारा प्रकार नळीच्या आतल्या सपाट पेशींच्या अस्तरातून निघतो. त्याची सिद्ध कारणं म्हणजे विडी-सिगारेट, चघळायची तंबाखू, सुपारी आणि दारू. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. चघळलेल्या तंबाखूची थुंकी सगळी बाहेर जात नाही. काही गिळली जाते आणि याच नळीतून उतरते. बायकांची मशेरीही तंबाखूच. भाजून काळी केली म्हणून ती दंतमंजन होत नाही, आणि सकाळी एकदा लावायची सवय दिवसाकाठी पाच-सहा वेळांवर कशी जाते, हे घरोघरच्या सुनांना माहीत आहे. फार कढत चहाही संशयात आहे. 65 अंशांवरची पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ आहेत, असं आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2016 साली सांगितलं. इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजार माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा 60 अंशांवरचा चहा भरपूर पिणाऱ्यांत धोका दुपटीच्या जवळ गेलेला आढळला. बशीत ओतून चहा प्यायची आपली जुनी पद्धत आता गावंढळ समजतात, पण अन्ननलिकेच्या दृष्टीनं ती शहाणपणाची होती. भाज्या-फळांची उणीव आणि दीर्घकाळचा रक्तक्षय हेही हातभार लावतात. फवारणीचं नाव या सिद्ध कारणांत नाही. फवारताना तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेतच, त्याची कारणं वेगळी आणि पुरेशी आहेत. पण सगळा दोष टोमॅटोच्या बागेवर टाकून खिशातली पुडी तशीच ठेवली, तर या रोगाच्या बाबतीत काही हाती लागणार नाही.

दुसरा प्रकार नळीच्या खालच्या टोकाला, जठराजवळ, ग्रंथींच्या पेशींतून निघतो. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं की तिथलं अस्तर बदलतं आणि त्या बदललेल्या अस्तरातून काही थोड्या लोकांत कर्करोग होतो. अमेरिकेत 1975 ते 2001 या काळात या प्रकाराचा दर जवळजवळ सहापट झाला, तर धूम्रपान घटल्यानं पहिला प्रकार त्याच काळात मागं पडला. एकाच अवयवाचा कर्करोग एकाच देशात एका बाजूनं उतरत होता आणि दुसऱ्या बाजूनं चढत होता. वाढीमागं मुख्यतः लठ्ठपणा आणि आम्लपित्त. नारायणगाव-मंचरच्या रस्त्यावरची वाढती हॉटेलं, रात्री अकराचं जेवण आणि पोट सुटलेली पस्तिशीतली पोरं पाहिली, की हा दुसरा प्रकार आपल्या दारात यायला फार वर्षं लागतील असं मला वाटत नाही. सतत ‘पित्त’ होतं म्हणून दुकानातून गोळ्या आणून खाणाऱ्यांनी एकदा तरी डॉक्टरांकडून ते नीट तपासून घ्यावं.

आकडे वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जगभरात या रोगाचे 2020 साली सुमारे 6 लाख 4 हजार नवे रुग्ण होते असा अंदाज होता आणि 2022 साली 5 लाख 11 हजार. दोन वर्षांत जवळपास लाखानं घट. जगातल्या जवळजवळ सगळ्या घटीचा भार एकट्या चीनच्या आकड्यावर आहे. तिथला अंदाज 3 लाख 24 हजारांवरून 2 लाख 24 हजारांवर आला, आणि त्यात अंदाज काढायला वापरलेली माहिती आणि पद्धत बदलल्याचा मोठा वाटा आहे. चीनमध्ये दर खरोखरही घटतो आहे, पण दोन वर्षांत लाखाचा उतार रोगाचा नसतो, मोजपट्टीचा असतो. हेच उलट बाजूनंही घडतं. उद्या मंचरला दुर्बिणीची तपासणी रोज होऊ लागली, तर पहिल्या दोन-तीन वर्षांत रुग्ण वाढलेले दिसतील. ती बातमी वाईट नसेल. आधी ‘म्हातारपणानं गेले’ असं लिहिलं जायचं, ते आता नावानं कळू लागलं, एवढाच तिचा अर्थ.

आणि सवय आज बदलली म्हणून दर उद्या बदलत नाही. तंबाखू सुरू होण्यापासून कर्करोग दिसण्यापर्यंत वीस-तीस वर्षं जातात. राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात तंबाखूचं सेवन 2009-10 साली प्रौढांत 31.4 टक्के होतं, ते 2016-17 साली 26.6 टक्क्यांवर आलं. पण त्यातला बिनधुराच्या तंबाखूचा वाटा फार मोठा, म्हणजे प्रौढांत 24.4 टक्के. 2012 साली राज्यात गुटखाबंदी झाली. या घटीचा फायदा मिळायचा असेल तर तो 2035-40च्या सुमाराला दिसेल, आणि आज शाळेच्या कुंपणाबाहेर पुडी फोडणाऱ्या मुलाचा हिशेब त्याच्याही नंतर निघेल. त्या वेळी तुलना करायला आजचा आकडा हाताशी असायला हवा. आज मोजलं नाही, तर वाढलं की घटलं, हे तेव्हाही कुणाला सांगता येणार नाही.

म्हणून पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या या दोन तालुक्यांना बार्शीच्या धर्तीवर स्वतःची नोंदवही हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पश्चिमेला आहुपे-भीमाशंकरकडच्या आदिवासी वाड्या, मध्ये बागायत, पूर्वेला बेल्हे-आणे पट्ट्यातली कोरडवाहू गावं, असा तीन तऱ्हांचा मुलूख इथं एकाच मोजणीत येईल. आशाताई गावोगाव आहेतच. त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांत ‘घास अडकतो का?’ हा एक प्रश्न वाढवायला फार खर्च येणार नाही.

ते होईल तेव्हा होईल. वाचकांच्या हातात आज तीन गोष्टी आहेत. घरात कुणाला दोन-तीन आठवडे सतत घास अडकत असेल, तर भाकरी कुस्करून देत बसू नका, त्यांना दुर्बिणीच्या तपासणीला न्या. रुग्णालयात पत्ता विचारला तर फोन मुलाचा द्या, पण राहण्याचं गाव खरं सांगा. आणि घरातलं कुणी या रोगानं गेलं, तर ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करताना कारणाच्या जागी ‘म्हातारपण’ लिहू देऊ नका, डॉक्टरांच्या कागदावर जे कारण असेल तेच लिहायला सांगा.